मुक्या जिवाचा हक्क

तहानलेल्या कुत्र्याची हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. वाटेने चाललेला एक माणूस तहानेने व्याकूळ होतो, विहिरीत उतरून पाणी पितो आणि वर येतो. वर आल्यावर एक कुत्रा धापा टाकीत ओली माती चाटताना त्याला दिसतो. काही क्षणांपूर्वी आपली जी दशा होती तीच आता या जिवाची आहे, हे त्याच्या मनात येते. तो पुन्हा विहिरीत उतरतो, आपल्या चामडी मोज्यात पाणी भरतो, मोजा दातांत धरून वर चढतो आणि कुत्र्याला पाणी पाजतो. अल्लाह त्याच्या या कृतीची कदर करतो आणि त्याला क्षमा करतो. इमाम बुखारी (रह.) आणि इमाम मुस्लिम (रह.) या दोघांच्याही संग्रहांत ही हदीस आलेली आहे.

या कथनातील बारकावे आपण घाईघाईने ओलांडून जातो. मोजा त्याने दातांत धरला, कारण चढताना दोन्ही हात मोकळे हवे होते. म्हणजे ती चढण सोपी नव्हती. त्याची स्वतःची तहान भागलेली होती, पुन्हा उतरण्याचे त्याला कारण उरले नव्हते. कुत्रा त्याच्या मालकीचा असल्याचा उल्लेख नाही आणि जवळपास पाहणारा कोणी असल्याचाही नाही. सहाबांनी (रजि.) हे ऐकून विचारले की, जनावरांच्या बाबतीतही आम्हाला सवाब मिळतो काय? तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की, ज्याच्या ठायी ओले काळीज आहे अशा प्रत्येक जिवाशी केलेल्या भलाईचा मोबदला आहे.

ही हदीस मी कित्येक वर्षे शिकवीत आलो आहे. परंतु ज्या रात्री ती मला आठवायला हवी होती, त्या रात्री आठवली नाही, हे आरंभीच कबूल केले पाहिजे.

मदरशातील शिक्षण संपवून मी चंद्रपूर जिल्ह्यातील एका गावी नुकताच इमाम म्हणून रुजू झालो होतो. मे महिना होता. आमच्याकडचा मे ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना एवढेच सांगतो की, पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तरी येथे कोणाला त्याचे नवल वाटत नाही. इशाच्या नमाजनंतर, सारे नमाजी घरी गेल्यावर, रस्त्यावर वाहनाची धडक बसलेला एक कुत्रा मागचे पाय ओढीत फाटकातून आत शिरला आणि वजूखान्याच्या नळाखाली, जेथे थोडी ओल होती तेथे येऊन पडला. मी काठी घेतली. त्याला मारले नाही, केवळ दाखविली. पण त्याला तेवढे पुरे झाले. तो आला तसाच सरपटत बाहेर गेला. मी फाटक लावले, फरशी तीन वेळा धुतली आणि पवित्रता राखल्याच्या समाधानात झोपी गेलो. पहाटे फजरसाठी फाटक उघडले तेव्हा तो बाहेर कोरड्या नालीत मरून पडलेला होता. मकतबला येणाऱ्या मुलांपैकी एक जण तेथे उभा होता. आदल्याच आठवड्यात मी त्यांना तहानलेल्या कुत्र्याची हदीस पाठ करविली होती. मुलाने विचारले, “मौलाना, याला पाणी दिलं होतं का?”

फरशी धुण्याचा मसला मला ठाऊक होता. कुत्र्याची लाळ आपल्या फिकहमध्ये नापाक आहे आणि ती धुतल्याने जागा पाक होते, हेही मी जाणत होतो. पण जी गोष्ट धुतल्याने पाक होते तिच्या भीतीने मी अशी गोष्ट करून बसलो होतो, जी कशाने धुवावी हे मला कोणत्याही किताबात सापडत नव्हते. त्या मुलाला मी काय उत्तर दिले ते आता आठवत नाही. खरे उत्तर दिले नाही, एवढे मात्र आठवते.

दोन प्रश्न

हे सारे पुन्हा मनात येण्याचे कारण अलीकडे जमाअतमध्ये उपस्थित झालेला एक प्रश्न आहे. आमच्या मोहल्ल्यातील महाविद्यालयात शिकणारा एक तरुण मित्रांबरोबर हेमलकशाला जाऊन आला. तेथून परतल्यावर त्याने ठरविले की, जिल्ह्याच्या ठिकाणी जखमी व बेवारस जनावरांसाठी चालणाऱ्या एका निवाऱ्यात आपण दर रविवारी सेवेला जायचे. जुमानंतर तो मला विचारू लागला, “इमामसाहेब, यात सवाब आहे का? की मी वेळ वाया घालवतो आहे?”

मी उत्तर देण्यापूर्वीच शेजारी बसलेले एक वयस्क गृहस्थ बोलले. त्यांना आम्ही सारे चाचा म्हणतो. बफर क्षेत्राला लागून असलेल्या खेड्यात त्यांचे घर आहे. त्यांचा धाकटा भाऊ शेळ्या राखायला गेला असता वाघाच्या हल्ल्यात दगावला. चाचा शांतपणे म्हणाले, “बेटा, वाघासाठी सरकार आहे, वाघ बघायला मोटारी भरून लोक येतात. माझ्या भावासाठी कोण आहे? आधी माणसाचं बघा, मग जनावराचं.”

हे दोन प्रश्न एकाच सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहणाऱ्या दोघांचे आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिल्याचे उत्तर तहानलेल्या कुत्र्याच्या हदीसमध्ये आहे. दुसऱ्याचे उत्तर माझ्याजवळ त्या दिवशी नव्हते. या लेखात दुसऱ्या प्रश्नाचाच अधिक विचार करावयाचा आहे.

हेमलकसा काय सांगते?

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेला, आलापल्लीचे सागवान मागे टाकून भामरागडकडे जाणाऱ्या वाटेवर हेमलकसा आहे. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांचा संगम तेथून जवळच होतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटत आला आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी येथे माडिया गोंडांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि पुढे डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो आपल्या आयुष्याचे काम म्हणून पत्करला. २००८ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो माडियांच्या आरोग्य व शिक्षणासाठी केलेल्या कार्याबद्दल होता.

जनावरांचा भाग या कामाला नंतर जोडला गेला, आणि तो कसा जोडला गेला ते लक्षात घेण्यासारखे आहे. डॉ. आमटे यांना जंगलात एकदा शिकार करून परतणारे माडिया भेटले. मेलेली माकडीण त्यांनी बांबूला टांगली होती आणि तिचे जिवंत पिल्लू मेलेल्या आईला बिलगून दूध शोधीत होते. डॉक्टरांनी ते पिल्लू मागून घेतले. शिकाऱ्यांना त्यांनी दोषी ठरविले नाही. त्यांची शिकार ही चैन नव्हती, भूक होती, हे त्यांना दिसत होते. शिकारीत आईवेगळी झालेली पिल्ले आमच्याकडे आणून द्या, असे त्यांनी लोकांना सांगितले, आणि लोक ती आणून देऊ लागले. अशा रीतीने अस्वले, बिबटे, हरणे, तरस, साळिंदर अशा जिवांचे अनाथालय उभे राहिले. विलास मनोहर यांनी त्यावर लिहिलेले ‘नेगल’ हे पुस्तक मराठी वाचकांना परिचित आहे. तेथल्या एका बिबट्याचे नाव त्या पुस्तकाला दिलेले आहे.

चाचांच्या प्रश्नाला हेमलकसा कोणत्या प्रकारचे उत्तर देते? अस्वलाने फाडलेले लोक ज्या दवाखान्यात उपचारासाठी आणले जात, त्याच दवाखान्याच्या आवारात अस्वलाची पोरकी पिल्लेही वाढत होती. जखम शिवणारे हात आणि पिल्लाला दूध पाजणारे हात एकच होते. माणूस आधी की जनावर आधी, हा वाद तेथे तोंडी झाला नाही, तो कामातून सुटला. जनावरे वाचविण्यासाठी डॉक्टरांनी माडियांशी वैर धरले असते तर एकही पिल्लू त्यांच्या हाती आले नसते.

आमटे कुटुंब आपल्या दीनचे नाही. पण शहाणपणाची गोष्ट ही मोमिनाची हरवलेली वस्तू असते आणि ती जेथे सापडेल तेथून त्याने उचलावी, हे आपल्या बुजुर्गांनी आपल्याला शिकविलेले आहे. जी नेकी आपल्या किताबांत लिहिलेली आहे ती आपल्याच जिल्ह्याच्या शेजारी कोणी आचरीत असेल, तर संकोच त्याला पाहण्याचा वाटू नये, आपल्याकडे ती न दिसण्याचा वाटावा.

मेहेरबानी नव्हे, हक्क

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. जनावरांवर दया करावी, हे कोणीही मान्य करील. पण दया ही भावना आहे, आणि भावनेचा स्वभाव असा की ती हरणाच्या डोळ्यांकडे पाहून जागी होते आणि तरसाच्या तोंडाकडे पाहून झोपी जाते. मांजरीच्या पिल्लाला आपण मांडीवर घेतो आणि जखमेत किडे पडलेल्या कुत्र्याला काठी दाखवितो. दीनने हा विषय भावनेवर सोपविलेला नाही. त्याने त्याला हक्काचे रूप दिले आहे.

कुरआनच्या सूरह अल्-अनआमच्या ३८व्या आयतीत अल्लाहने सांगितले आहे की, भूमीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी या तुमच्यासारख्याच उम्मती आहेत आणि शेवटी त्यांना आपल्या पालनकर्त्याकडेच एकत्र केले जाईल. ‘उम्मत’ हा शब्द आपण किती आदराने उच्चारतो! तोच शब्द येथे पाखरांसाठी आला आहे. सहीह मुस्लिममधील हदीसनुसार कियामतच्या दिवशी शिंगे नसलेल्या शेळीलाही शिंगे असलेल्या शेळीकडून न्याय मिळवून दिला जाईल. ज्या न्यायालयात एका शेळीचा दुसऱ्या शेळीविरुद्धचा दावा ऐकला जाणार आहे, तेथे माणसाविरुद्धचा तिचा दावा ऐकला जाणार नाही, असे समजून चालणे धाडसाचे आहे.

एका अन्सारीच्या बागेतील उंटाचा प्रसंग अबू दाऊदमध्ये आहे. प्रेषितांना (स.) पाहून तो उंट कण्हू लागला, त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. प्रेषितांनी (स.) त्याच्या कानामागून हात फिरवून त्याला शांत केले आणि मालकाला बोलावून जाब विचारला की, अल्लाहने तुझ्या ताब्यात दिलेल्या या जनावराबद्दल तू अल्लाहला भीत नाहीस काय? हा तक्रार करतो आहे की तू त्याला उपाशी ठेवतोस आणि कामाने थकवितोस. येथे मालकाला दयाळू होण्याचा उपदेश नाही. अमानतीचा हिशेब मागितलेला आहे.

हाच धागा पकडून आपल्या विद्वानांनी पुढे नियम बांधले. हिजरी सातव्या शतकातील शाफई विद्वान इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम (रह.) यांनी जनावरांचे माणसावरील हक्क मोजताना स्पष्ट केले की, जनावर म्हातारे वा आजारी होऊन त्याचा काडीमात्र उपयोग उरला नाही तरीही त्याचा खर्च मालकावर आहे. उपयोग संपल्यावरही हक्क संपत नाही. त्याच्या शक्तीला झेपणार नाही असे ओझे त्याच्यावर लादू नये आणि त्याला इजा करील अशा जनावरासोबत त्याला बांधू नये, हेही त्यांनी नोंदविले आहे.

आपल्या हनफी फिकहमधील एक चर्चा मला याहूनही विचार करायला लावणारी वाटते. एखादा मालक आपल्या जनावराला चारा घालीत नसेल तर काझी त्याला सक्ती करू शकतो काय? इमाम अबू यूसुफ (रह.) म्हणतात, करू शकतो. पण मजहबचे प्रसिद्ध मत असे आहे की, काझी त्याला सक्ती करणार नाही, मात्र अल्लाह आणि त्याच्यामधील व्यवहारात, म्हणजे दियानतच्या दृष्टीने, चारा घालणे त्याच्यावर वाजिब आहे. कारण काझीच्या दरबारात दावा लावण्यासाठी दावेदार लागतो आणि जनावर दावा लावू शकत नाही.

वरवर पाहता हे मत जनावराच्या बाजूने दुबळे वाटते. विद्यार्थी असताना मलाही तसेच वाटले होते. आता वाटते की, या मताने आपल्यासमोर एक आरसा धरला आहे. माणसांशी वागताना आपल्या चांगुलपणात किती गोष्टी मिसळलेल्या असतात! समोरचा तक्रार करील ही भीती, परतफेड करील ही आशा, लोक बोलतील हा संकोच, चार जणांत नाव होईल हा मोह. यांतले आपले इमान किती आणि हिशेब किती, हे आपल्यालाही वेगळे करता येत नाही. मुक्या जिवासमोर हे सारे आधार गळून पडतात. तो दावा लावणार नाही, आभार मानणार नाही, कोणाला सांगणार नाही. तेथे उरतो तो केवळ माणूस आणि त्याचा पालनकर्ता. रात्रीच्या वेळी मशिदीच्या बंद फाटकाआड मी जो होतो, तो खरा मी होतो. दिवसा मुलांना हदीस शिकविणारा तेवढा खरा नव्हता.

म्हणून त्या तरुणाला माझे उत्तर असे आहे: बेटा, यात सवाब आहे, आणि सवाबाहून मोठी गोष्ट म्हणजे आपण खरोखर कोण आहोत याची येथे परीक्षा आहे.

अभयारण्य आणि हरम

मराठी घेऊन बी.ए. करीत असताना शब्दांची फोड करण्याची मला सवय लागली. ‘अभयारण्य’ हा शब्द आमच्या भागात बसच्या पाटीपासून वर्तमानपत्रापर्यंत सर्वत्र दिसतो. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, अंधारी १९८६ साली अभयारण्य झाले आणि दोहोंचा मिळून १९९५ साली व्याघ्र प्रकल्प झाला. पण अभयारण्य म्हणजे जेथे भय नाही असे अरण्य, हा त्या शब्दाचा अर्थ आपण उच्चारताना विसरतो.

अरबीत भयमुक्तीला ‘अम्न’ म्हणतात. ‘ईमान’ आणि ‘मोमिन’ हे शब्द त्याच मुळातून आले आहेत, आणि ‘अल्-मुअमिन’, म्हणजे अभय देणारा, हे अल्लाहच्या नावांपैकी एक नाव आहे. मक्केचा हरम हा तर अम्नचाच प्रदेश. तेथे शिकार हराम आहे, शिकारीचे जनावर हुसकावणेही मना आहे. इहरामच्या अवस्थेत कोणी जाणूनबुजून शिकार केली तर त्याला बदला द्यावा लागतो, हे सूरह अल्-माइदाच्या ९५व्या आयतीत आले आहे. मदीनेलाही प्रेषितांनी (स.) हरम ठरविले. म्हणजे जेथे माणूस अल्लाहच्या सर्वांत जवळ जातो, तेथे त्याने आपल्याबरोबर प्राण्यांसाठी अभय घेऊन जायचे असते. हाजींना निरोप द्यायला आपण जातो, पण त्या दोन पांढऱ्या वस्त्रांत एका सशालाही निर्भय राहण्याचा हक्क मिळालेला असतो, हे त्यांना कोण सांगतो?

सशावरून आठवले. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात एक प्रसंग आहे. शिकाऱ्यांच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेला एक ससा धावत येऊन श्रीचक्रधरांच्या गुडघ्याखाली लपतो. शिकारी तो मागतात, चक्रधर देत नाहीत, कारण तो आश्रयाला आलेला आहे. अबू दाऊदमधील एका हदीसमध्ये प्रवासात काही सहाबांनी एका पक्षिणीची पिल्ले उचलली आणि ती पंख पसरून घिरट्या घालू लागली. प्रेषितांनी (स.) तिला कोणी दुखविले ते विचारले आणि पिल्ले परत ठेवायला सांगितली. दोन्ही प्रसंग मी वर्गात आणि मदरशात वेगवेगळे शिकलो. पण ते शेजारी शेजारी ठेवले की आपण ज्या मातीत वाढलो तिला अम्न हा शब्द परका नव्हता, हे कळते.

अभय कोणाला?

आता चाचांचा प्रश्न. अभय फक्त वाघालाच का? ज्याला पहाटे मोह वेचायला, उन्हात तेंदूपाने तोडायला किंवा शेळ्या चारायला त्याच जंगलात जावे लागते, त्याला अभय कोण देणार?

दीन या बाबतीत भाबडा नाही. माणसाचा प्राण जनावराच्या प्राणाहून अधिक मोलाचा आहे, याविषयी विद्वानांत मतभेद नाही. हरमच्या हद्दीतसुद्धा विंचू, चावणारा कुत्रा आणि असेच काही उपद्रवी जीव मारण्याची परवानगी हदीसमध्ये आहे. स्वतःवर हल्ला करणाऱ्या वाघापासून प्राण वाचविण्यासाठी माणसाने काय करावे हे विचारण्याची गरज नाही. आणि आपण जनावरांचे मांस खातो, कुर्बानी करतो, हेही लपविण्यासारखे नाही. पण जिबह करतानाही सुरी धारदार असावी, जनावराला यातना होऊ नयेत, असा आदेश आहे. परवानगी आहे म्हणून हक्क संपला, असे नव्हे. ज्याचा जीव घेण्याची मुभा आहे त्याचाही हक्क शेवटच्या क्षणापर्यंत टिकून आहे.

पण चाचांच्या बोलण्यात याहून टोकदार काही होते. ते म्हणाले होते, आधी माणसाचे बघा. घरी परतताना माझ्या मनात आले: आम्ही माणसाचे पाहिले काय? त्यांच्या भावाच्या जनाज्याला सारी जमाअत होती. तीन दिवस लोक आले. शासनाची भरपाई मिळाली, असे ऐकून सर्वांना हायसे वाटले. त्यानंतर त्या विधवेच्या दारी आमच्यापैकी किती जण गेले? इद्दत संपल्यावर तिचा मुलगा शाळा सोडून त्याच शेळ्या घेऊन त्याच काठाला जातो आहे, हे मला चाचांकडून तेव्हा कळले. जनावरांच्या सेवेला जाऊ पाहणाऱ्या तरुणाला आम्ही ‘माणूस आधी’ असे सुनावीत होतो आणि माणसाकडेही जात नव्हतो.

मला वाटते, येथे आपला नेहमीचा गैरसमज आहे. दया ही जणू हंड्यातील पाणी आहे, जनावराला पाजले की माणसाला कमी पडेल, असे आपण धरून चालतो. प्राधान्याचा क्रम खरा आहे: आईवडील, बायकामुले, शेजारी, यतीम, हे आधी. फर्ज टाकून नफल करू नये. जो रविवारी निवाऱ्यात जातो आणि आजारी बापाला औषध आणून देत नाही, त्याने आधी औषध आणावे. पण क्रमात नंतर असणे म्हणजे नसणे नव्हे. आणि माझा अनुभव असा की, ‘आधी माणूस’ म्हणून जनावराला नाकारणारा हात बहुधा माणसापुढेही आखडता असतो. दोन्हीकडे तोच एक हात असतो.

पिंजरा आणि नियत

सेवेला जाणाऱ्या तरुणांना दोन गोष्टी सांगणे मी आवश्यक समजतो.

पहिली पिंजऱ्याविषयी. मुक्त जिवाला बंद ठेवणे मुळात योग्य आहे काय, असे त्या तरुणाने मला विचारले. मांजरीला बांधून ठेवल्यामुळे शिक्षेस पात्र ठरलेल्या स्त्रीची हदीस याचे उत्तर देते. तिचा गुन्हा असा सांगितला आहे की, तिने मांजरीला खाऊपिऊ घातले नाही आणि स्वतःचे भक्ष्य शोधायला सोडलेही नाही. म्हणजे दोनच वाटा आहेत: सोडा, किंवा पूर्ण सांभाळा. आईवेगळे होऊन माणसाच्या हाती वाढलेले बिबट्याचे पिल्लू जंगलात सोडले तर ते एक तर मरेल किंवा गावात शिरेल. त्याला ठेवणे भाग आहे, आणि ठेवले की त्याच्या अखेरच्या दिवसापर्यंतची जबाबदारी आली. हौसेखातर पोपट, कासव वा हरणाचे पाडस घरी आणणाऱ्याला मात्र हा आधार नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते गुन्हाही ठरते.

दुसरी नियतविषयी. हा तरुण पहिल्या रविवारी गेला तेव्हा आपण जनावरांना कुरवाळू, त्यांच्याबरोबर छायाचित्रे काढू, असे त्याच्या मनात होते. त्याला खराटा देण्यात आला. शेण उचलणे, हौद घासणे, चाऱ्यातील प्लास्टिक वेचणे, किडे पडलेल्या जखमेवर औषध ओतताना डोके धरून ठेवणे, हे काम. एका म्हाताऱ्या गाढवाच्या पायाला पट्टी बांधताना त्याला लाथ बसली. तो मला सांगू लागला तेव्हा काहीसा निराश होता. मी म्हणालो, आता तुझे काम सुरू झाले. जोवर जनावर आपल्याला आनंद देते तोवर आपण त्याच्याकडून घेत असतो. देणे त्यानंतर सुरू होते. विहिरीत उतरलेल्या माणसालाही दातांत धरलेल्या ओल्या मोज्याची चव सुखद लागली नसेल.

एक गोठा

जमाअतने मग एक गोष्ट ठरविली. फार मोठी नाही. आमच्या भागात बिबट्या बहुधा शेळीमागे गावात येतो, आणि उघड्या किंवा कुडाच्या गोठ्यातून तो सहज शेळी उचलतो. मग लोक काठ्या घेऊन जमतात, गर्दी त्याला घेरते, तो कोणाला तरी जखमी करतो आणि स्वतःही मारला जातो. अनेक गावांत वनविभागाने प्राथमिक प्रतिसाद दले उभी केली आहेत. अशा प्रसंगी गर्दीला आवरणे हेच त्यांतल्या स्थानिक तरुणांचे मुख्य काम असते. त्या दलातील एकाने आम्हाला सांगितले की, मजबूत जाळीचा, वरून झाकलेला गोठा आणि रात्री एक दिवा, यानेच निम्मे संकट टळते.

आम्ही वर्गणी काढून चाचांच्या भावजयीच्या दारी तसा गोठा बांधला. तो तरुण आणि त्याचे मित्र दोन रविवार तेथे राबले. त्या जाळीने शेळ्यांना अभय दिले, दाराशी झोपणाऱ्या मुलाला दिले, आणि ज्याला आता त्या दारी येण्याचे कारण उरले नाही त्या बिबट्यालाही दिले. मुलगा पुन्हा शाळेत जाऊ लागला आहे. शेळ्या आता गावातल्या एका गुराख्याच्या कळपात जातात आणि त्याची मजुरी जमाअत देते. खांब चाचांनी रोवून दिले. वाघाविषयी त्यांचे मत बदलले आहे असे मी म्हणणार नाही, आणि ते बदलावे असे त्यांना सांगण्याचा अधिकारही मला नाही. जाताना त्यांनी त्या तरुणाला इतकेच विचारले, “तुझ्या गाढवाचा पाय बरा झाला का?”

वाचक बंधुभगिनींनो, उन्हाळा येतो आहे. आपल्या अंगणात, मशिदीच्या फाटकाबाहेर, दुकानाच्या सावलीत एक परळ पाण्याने भरून ठेवावे आणि ते रोज घासून धुवावे, एवढी विनंती मी करतो. आमच्या मशिदीच्या बाहेर, त्या नालीच्या काठाशी, असे एक परळ आहे. ते भरण्याचे काम मी कोणावर सोपविलेले नाही. वजूखान्याची पवित्रता त्याने भंगत नाही. ज्याला शंका वाटते त्याला मी मसला समजावून सांगतो, आणि कधी कधी ती रात्रही सांगतो.

हे अल्लाह, ज्यांचे हक्क मागायला जीभ नाही त्यांचे हक्क आम्हाला ओळखता येवोत. आमच्या हातून माणसाला आणि मुक्या जिवाला, दोघांनाही अभय मिळो. जे चुकले ते क्षमा कर. आमीन.